सी प्रोग्राममध्ये कमांड लाइन ऑप्शन वाचणे: लॅपटॉपवर चालतं, रास्पबेरी पायवर थांबतच नाही

खडूफळा (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी,

सुट्टीच्या दिवशी मी डिप्लोमा आणि इंजिनिअरिंगच्या काही मुलांना सी शिकवतो. सध्या त्यांच्याकडून एक छोटं साधन करून घेतोय. त्याला मराठी मजकुराची फाइल द्यायची, ते सगळ्यात जास्त वेळा आलेले शब्द काढून देतं. ऑप्शन तीनच आहेत. -एन आणि पुढे आकडा, म्हणजे किती शब्द हवेत. -ओ आणि पुढे निकालाच्या फाइलचं नाव. आणि -व्ही, म्हणजे काम करताना काय चाललंय ते सांगत राहायचं. (सगळं देवनागरीतच टंकतोय. -एन, -ओ, -व्ही ही प्रत्यक्षात एकेक रोमन अक्षरं आहेत असं समजून वाचा.)

एका मुलीने लिहिलेला मुख्य भाग असा:

कॅर सी;
व्हाइल ((सी = गेटऑप्ट(आर्गसी, आर्गव्ही, "एन:ओ:व्ही")) != -१)
स्विच (सी) ...

गेटऑप्ट हे ऑप्शन वाचून देणारं तयार फंक्शन. आर्गव्ही म्हणजे कमांड लाइनवर दिलेल्या शब्दांची यादी आणि आर्गसी म्हणजे त्यांची संख्या. स्विचमध्ये तिन्ही अक्षरांच्या केस आहेत आणि डिफॉल्टमध्ये "वापर असा करा" ही ओळ छापली जाते. सगळ्यांच्या लॅपटॉपवर हे व्यवस्थित चालतं. वर्गातल्या रास्पबेरी पायवर तोच कोड नव्याने कंपाइल केला, तर "वापर असा करा" ही ओळ अखंड छापत सुटतो. ऑप्शन दिले तरी तेच, न दिले तरी तेच. कंट्रोल-सी दाबेपर्यंत थांबत नाही.

मुलांना नुसतं उत्तर सांगायचं नाहीये, कारण समजावून सांगायचं आहे. म्हणून इथे विचारतोय.

टर्मिनलकर

सी हे व्हेरिएबल इंट करा. पायवर चालेल.

पायवाट

टर्मिनलकरांचं बरोबर आहे. सर कारण विचारताहेत, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

गेटऑप्ट हे फंक्शन इंट परत करतं. ऑप्शन सापडला तर त्याचं अक्षर आणि ऑप्शन संपले तर -१. हा -१ तुमच्या कोडमध्ये आधी कॅरमध्ये, म्हणजे एका बाइटच्या व्हेरिएबलमध्ये जातो आणि मग त्याची तुलना होते. सी भाषेच्या मानकाने साधा कॅर चिन्हासहित की बिनचिन्हाचा, हे ठरवून दिलेलं नाही, ते त्या त्या प्लॅटफॉर्मवर सोडलंय. इंटेल-एएमडीच्या लिनक्सवर तो चिन्हासहित असतो, त्यामुळे -१ आत गेला की -१ च राहतो आणि लूप संपतो. पायची चिप एआरएम जातीची, आणि एआरएमच्या लिनक्सवर कॅर बिनचिन्हाचा. तिथे -१ आत गेला की २५५ होतो. तुलनेच्या वेळी २५५ आणि -१ समोरासमोर येतात, ते कधीच सारखे होत नाहीत. स्विचमध्ये २५५ ची केस नाही, म्हणून प्रत्येक फेरीत डिफॉल्ट. तुमची अखंड ओळ ती हीच.

मुलांपैकी कुणाकडे एम-वन किंवा त्यापुढचा मॅक असेल तर त्याच्यावर हा दोष दिसणार नाही, हेही सांगा. चिप एआरएमचीच, पण ॲपलने आपल्या प्लॅटफॉर्मवर कॅर चिन्हासहित ठेवलाय. म्हणजे "एआरएमवर बिघडतं" एवढं सांगून भागत नाही. मूळ मुद्दा असा की फंक्शन इंट देतंय तर ते इंटमध्येच घ्यायचं. गेटकॅर आणि फाइल-संपली या खुणेच्या बाबतीतही हाच घोळ होतो, तोही त्याच तासाला दाखवता येईल.

लॅपटॉपवर दाखवायचं असेल तर जीसीसी या कंपायलरला -एफअनसाइन्ड-कॅर हा फ्लॅग द्या, तुमच्या इंटेलवरही तो लूप थांबायचा नाही. त्याच्याबरोबर -डब्ल्यूएक्स्ट्रा द्या, म्हणजे "ही तुलना नेहमीच खरी ठरते" अशा अर्थाची सूचना कंपायलर स्वतः देईल. मुलांनी ती सूचना वाचणं मला सगळ्यात मोलाचं वाटतं.

खडूफळा

मनापासून आभार. फ्लॅग देऊन बघितलं, लॅपटॉपवर हुबेहूब तेच झालं. वर्गात हेच दाखवणार.

आता दुसरा प्रश्न. एका मुलाने गेटऑप्ट वापरलंच नाही. आर्गव्हीवर साधा फॉर लूप आणि आत स्ट्रकम्प, म्हणजे दोन स्ट्रिंगची तुलना. "-एन" दिसलं की पुढचा शब्द आकडा म्हणून घ्यायचा. त्याचं म्हणणं, हे मला नीट कळतं, मग लायब्ररी कशाला? त्याला काय सांगावं?

उंबरठा

त्याचं चुकीचं नाही. मी एम्बेडेडमध्ये काम करतो. काही ठिकाणी आमच्याकडे पॉझिक्स (युनिक्ससारख्या सिस्टिमसाठीचं मानक) नसतंच. विंडोजवर मायक्रोसॉफ्टच्या कंपायलरबरोबर गेटऑप्ट येत नाही, मिनजीडब्ल्यू (जीसीसीचं विंडोजवरचं रूप) घेतलं तरच मिळतं. दोन ऑप्शन असलेल्या प्रोग्रामसाठी हाताने लिहिलेल्या वीस ओळी मला पुरेशा वाटतात. शिवाय गेटऑप्ट आपली सगळी स्थिती ग्लोबल व्हेरिएबलमध्ये ठेवतं. ऑप्टआर्ग (ऑप्शनला दिलेली किंमत), ऑप्टइंड (आर्गव्हीतला पुढचा शब्द कितवा), ऑप्टएर, ऑप्टऑप्ट. दोन थ्रेडमधून वापरता येत नाही. एकाच प्रोग्राममध्ये दुसऱ्यांदा चालवायचं तर ग्नूमध्ये ऑप्टइंड शून्य करावा लागतो आणि बीएसडीत ऑप्टरीसेट नावाचं वेगळंच व्हेरिएबल आहे.

पायवाट

उंबरठा, तुमच्या कामाच्या जागी तुमचं बरोबर आहे. सरांचं साधन मात्र लिनक्सच्या टर्मिनलवर बसणार आहे, आणि तिथे बसणाऱ्या माणसाच्या हाताला काही सवयी आधीच लागलेल्या असतात.

त्या मुलाच्या प्रोग्रामला या चार गोष्टी देऊन बघा, सर. "-एन१०", मध्ये जागा न सोडता. "-व्हीएन १०", दोन ऑप्शन एकाच डॅशमागे. शेवटचा शब्द म्हणून नुसतं "-एन", पुढे काहीच नाही. आणि "-- -यादी", म्हणजे डॅशने सुरू होणाऱ्या नावाची फाइल.

पहिल्या दोन ठिकाणी त्याचा लूप "अनोळखी ऑप्शन" म्हणेल. तिसऱ्या ठिकाणी, त्याने मोजणी तपासली नसेल तर आर्गव्हीच्या शेवटी असलेला नल पॉइंटर आकडा म्हणून वाचायला जाईल आणि बहुतेक तिथेच कोसळेल. चौथ्या ठिकाणी ती फाइल उघडताच येणार नाही. या चारही गोष्टी टार, ग्रेप, सॉर्ट वापरणारा माणूस विचार न करता टाइप करतो. त्याने तुमच्या प्रोग्रामची वेगळी पद्धत का शिकावी?

याचसाठी गेटऑप्ट झालं. एटी अँड टीने १९८५ साली डॅलसच्या युनिफोरम परिषदेत त्याचा सोर्स सगळ्यांसाठी खुला केला आणि पुढे ते पॉझिक्समध्ये आलं. एक अक्षर, ऑप्शन एकत्र लिहिता येणं, "--" नंतर ऑप्शन संपले, नुसता "-" म्हणजे स्टँडर्ड इनपुट, ही सगळी वहिवाट पॉझिक्सच्या नियमांत लिहून ठेवलेली आहे.

तरी त्या मुलाला त्याचा लूप फेकून द्यायला सांगू नका. या चार गोष्टी त्यालाच त्याच्या लूपमध्ये घालू द्या. घातल्या की त्याने स्वतःचं गेटऑप्ट लिहिलेलं असेल, आणि मग मूळ गेटऑप्ट त्याला आतून कळेल.

चौथी_ओळ

नमस्कार, मी सरांच्याच वर्गातली, वरचा कोड माझा आहे. इंट केलं, पाय व्यवस्थित चालतोय. पण माझ्या मॅकवर एक विचित्र गोष्ट दिसते. "शब्दमोज कथा -व्ही" असं फाइलचं नाव आधी आणि ऑप्शन नंतर दिला, तर लिनक्सवर चालतं. मॅकवर म्हणतो, "-व्ही नावाची फाइल सापडली नाही". कोड तोच आहे.

टर्मिनलकर

छान सापडलं तुम्हाला. पॉझिक्सचा नियम असा की ऑप्शन नसलेला पहिला शब्द आला की ऑप्शन संपले. मॅक तो नियम पाळतो. लिनक्सवरची नेहमीची सी लायब्ररी ग्लिबसी, ते मात्र आर्गव्हीमधले शब्द स्वतःच पुढेमागे करतं, ऑप्शन आधी आणि फाइलची नावं शेवटी. म्हणून तिथे क्रम कसाही चालतो. पॉझिक्सली_करेक्ट हे एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल लावलं, किंवा ऑप्शनच्या स्ट्रिंगच्या सुरुवातीला "+" टाकला, की ग्लिबसीही पॉझिक्ससारखं वागतं. अल्पाइन लिनक्सवर साधं गेटऑप्ट हा क्रमबदल करत नाही, म्हणजे लिनक्स-लिनक्समध्येही फरक आहे.

माझा सल्ला: वापराच्या सूचनेत "ऑप्शन आधी, फाइल नंतर" असंच लिहा आणि स्वतः तसंच वापरा.

लूप संपल्यावर ऑप्टइंड हा ऑप्शन नसलेल्या पहिल्या शब्दावर असतो. तिथून आर्गसीपर्यंत जे उरलं ते फाइलचं नाव. काहीच उरलं नसेल तर स्टँडर्ड इनपुट वाचा, म्हणजे तुमचं साधन पाइपमध्ये बसेल.

गाळणी

मध्येच एक छोटी नोंद. कुणी -एसटीडी=सी११ देऊन कंपाइल करत असेल तर "ऑप्टआर्ग माहीत नाही" अशी एरर येईल. काटेकोर सी मोडमध्ये युनिस्टडी हेडर पॉझिक्सच्या गोष्टी लपवून ठेवतं. -एसटीडी=ग्नू११ द्या, किंवा सगळ्या इन्क्लूडच्या वर _पॉझिक्स_सी_सोर्स डिफाइन करा.

खडूफळा

आता -एन च्या आकड्याबद्दल. मुलं सर्रास एटूआय (मजकुराचा आकडा करणारं फंक्शन) वापरतात. "-एन दहा" दिलं तर एटूआय शून्य देतं आणि प्रोग्राम काहीही न छापता शांतपणे संपतो. वापरणाऱ्याला वाटतं फाइल रिकामी आहे.

पायवाट

ऑप्शन ओळखण्यापेक्षा त्याची किंमत तपासण्यात जास्त प्रोग्राम मार खातात असं माझं ठाम मत आहे. एटूआयला "आकडा नव्हता" आणि "आकडा शून्य होता" यातला फरक सांगता येत नाही. आकडा इंटमध्ये मावत नसेल तर काय होईल, याची मानकात काहीच हमी नाही. त्याच कामासाठी स्ट्रटोल वापरा. आधी एररनो (काय चुकलं त्याचा क्रमांक ठेवणारं व्हेरिएबल) शून्य करा. ऑप्टआर्ग द्या, शेवट कुठे झाला ते सांगणारा पॉइंटर द्या आणि पाया १० द्या. मग बघा. पॉइंटर सुरुवातीलाच असेल तर आकडा नव्हताच. पॉइंटर स्ट्रिंगच्या शेवटी पोचला नसेल तर मागे कचरा आहे, "१०अबक" सारखा. एररनोमध्ये ईरेंज असेल तर आकडा लाँगमध्ये मावला नाही. आणि शेवटी तुमची स्वतःची मर्यादा, इथे किमान १.

पाया ० देऊ नका. तसं केलं तर "०१०" हा आकडा अष्टमान म्हणून वाचला जातो आणि ८ होतो.

आणखी एक. "-एन -५" असं दिलं तर गेटऑप्ट "-५" हीच -एन ची किंमत म्हणून देतं, वेगळा ऑप्शन समजत नाही. तसंच "-ओ -व्ही" दिलं तर निकाल "-व्ही" नावाच्या फाइलमध्ये जाईल. गेटऑप्टच्या दृष्टीने ते बरोबर आहे, फाइलचं नाव तसं असू शकतं. तुम्हाला ते चालणार नसेल तर तपासणी तुम्हीच लिहायची.

उंबरठा

साधन मराठी मजकुरासाठी आहे, म्हणून एक गोष्ट सांगतो. वापरणाऱ्याचा कीबोर्ड मराठीवरच असेल तर तो "-एन" नंतर देवनागरी १० टाइप करेल. स्ट्रटोल फक्त इंग्रजी अंक ओळखतं, देवनागरी अंकावर पॉइंटर सुरुवातीलाच राहतो. निदान चूक पकडली जाते. पण मराठी माणसासाठीच्या साधनाने मराठी अंक नाकारावेत हे मला पटत नाही.

करणं अवघड नाही. यूटीएफ-८ मध्ये प्रत्येक देवनागरी अंक ३ बाइटचा. पहिला बाइट २२४, दुसरा १६५, तिसरा शून्यासाठी १६६ पासून नवासाठी १७५ पर्यंत. ऑप्टआर्गवरून जाताना असे तीन बाइट दिसले की तिसऱ्यातून १६६ वजा करायचे आणि तो इंग्रजी अंक वेगळ्या बफरमध्ये लिहायचा. मग तो बफर स्ट्रटोलला द्यायचा. तपासणी पायवाट यांनी सांगितली तीच.

आणि इथे कॅरचा प्रश्न उलट बाजूने येतो. साध्या कॅरची तुलना २२४ शी केली तर लॅपटॉपवर ती कधीच जुळणार नाही, कारण चिन्हासहित कॅरमध्ये तो बाइट -३२ असतो. पायवर जुळेल. म्हणजे या वेळी पायवर चालेल आणि लॅपटॉपवर बिघडेल. बाइट वाचताना अनसाइन्ड कॅरमध्ये घ्या.

चौथी_ओळ

हे आत्ता करून बघितलं. अनसाइन्ड केल्यावर दोन्हीकडे चालतंय! "-एन १०" मराठीतही.

मग ऑप्शनसुद्धा मराठीत ठेवता येतील का? म्हणजे "--संख्या=१०" असं?

पायवाट

छोटे ऑप्शन नाही ठेवता येणार. गेटऑप्ट एकेक बाइट बघतं आणि "स" म्हणजे ३ बाइट. लांब ऑप्शन मात्र येतील. त्यासाठीचं वेगळं फंक्शन गेटऑप्ट_लाँग नावांची नुसती बाइटनिशी तुलना करतं, त्यामुळे यूटीएफ-८ मधलं नाव बिनदिक्कत चालतं. रोमन आणि मराठी दोन्ही नावं ठेवा आणि दोन्हींची व्हॅल एकच द्या.

त्यासाठी स्ट्रक्ट ऑप्शनचा ॲरे करायचा. प्रत्येकात चार गोष्टी: नाव, आर्ग्युमेंट लागतं का, फ्लॅग, व्हॅल. फ्लॅग नल ठेवला तर फंक्शन व्हॅल परत करतं, नाहीतर व्हॅल त्या पत्त्यावर ठेवून ० परत करतं. शेवटची ओळ सगळी शून्यांची हवीच. ती राहिली तर फंक्शन ॲरेच्या पलीकडची मेमरी वाचत जातं. ज्यांना छोटं अक्षर नाही अशा ऑप्शनची व्हॅल एनममधून २५६ पासून पुढे द्या, म्हणजे कुठल्याच अक्षराशी टक्कर होणार नाही.

टर्मिनलकर

गेटऑप्ट_लाँगबद्दल दोन गोष्टी, कारण त्या प्रोग्राम लोकांच्या हातात गेल्यावरच कळतात.

ते नावाची सुरुवात तेवढी दिली तरी ओळखतं. "--व्हर्बोज" असेल तर "--व्हर" चालतं. लोक ते आपल्या स्क्रिप्टमध्ये लिहून ठेवतात. पुढच्या वर्षी तुम्ही "--व्हर्जन" वाढवलं की त्यांची "--व्हर" संदिग्ध ठरून स्क्रिप्ट बंद पडते. म्हणून नावं सुरुवातीलाच विचारपूर्वक ठेवा आणि स्क्रिप्टमध्ये नेहमी पूर्ण नाव लिहा.

दुसरी म्हणजे आर्ग्युमेंट ऐच्छिक ठेवण्याची सोय. ती शक्यतो टाळा. ऐच्छिक किंमत चिकटूनच द्यावी लागते. फाइलींची यादी देणाऱ्या एलएसचं "--कलर=नेव्हर" चालतं. "--कलर नेव्हर" लिहिलं तर एलएस "नेव्हर" नावाची फाइल शोधायला जातं. आपल्या मुलांना हा फरक कळेल, वापरणाऱ्याला तो का माहीत असावा?

खडूफळा

एका मुलाने विचारलं की "वापर असा करा" या ओळीत आर्गव्हीमधला शून्यावा शब्द छापतो, तो तिथे नेहमी असतोच का?

उंबरठा

अतिशय चांगला प्रश्न. नेहमी असतोच असं नाही. सीचं मानक आर्गसी शून्य असायला परवानगी देतं. शेलमधून असं कधी होत नाही, पण दुसऱ्या प्रोग्रामने एक्झेकव्हीई या कॉलने तो सुरू करताना रिकामी यादी दिली तर व्हायचं.

पीकेएक्झेक हा लिनक्सवरचा प्रोग्राम रूटच्या अधिकाराने चालतो. त्याच्यात आर्गव्ही वाचणारा लूप १ पासून सुरू होत होता. आर्गसी शून्य असला की आर्गव्हीच्या पहिल्या जागी जे वाचलं जाई ते प्रत्यक्षात एन्व्हायर्नमेंटची पहिली ओळ असे, कारण मेमरीत दोन्ही याद्या एकापुढे एक असतात. पुढे प्रोग्राम त्याच जागी परत लिहितही होता. तेवढ्यावरून साध्या वापरकर्त्याला रूट होता येत होतं. हा दोष २००९ पासून कोडमध्ये होता, क्वालिस या सुरक्षा कंपनीच्या लोकांनी जानेवारी २०२२ मध्ये जाहीर केला, पीकेएक्झेक ज्या पोलकिटचा भाग आहे त्याच्या नावावरून त्याला प्वनकिट म्हणतात. त्यानंतर लिनक्स कर्नल ५.१८ पासून रिकामी यादी आली तर कर्नल स्वतः तिथे एक रिकामी स्ट्रिंग ठेवतो.

तुमच्या साधनात आर्गसी शून्यापेक्षा मोठा असेल तरच ते नाव छापा, नाहीतर ठरलेलं नाव. एका ओळीचं काम आहे. आणि पासवर्ड कधीही ऑप्शनमधून घेऊ नका. चालू प्रोग्रामची यादी दाखवणारी पीएस कमांड चालवणाऱ्या त्याच मशीनवरच्या कुणालाही तो साधारणपणे दिसतो.

चौथी_ओळ

शेवटचं विचारते. चुकीचा ऑप्शन दिल्यावर गेटऑप्ट स्वतःच इंग्रजीत संदेश छापतं. तो मराठीत करायचा आहे.

पायवाट

ऑप्शनच्या स्ट्रिंगची सुरुवात ":" ने करा. मग गेटऑप्ट गप्प राहतं. आर्ग्युमेंट राहिलं असेल तर ":" परत करतं, ऑप्शन अनोळखी असेल तर "?", आणि दोन्ही वेळा ऑप्टऑप्टमध्ये ते अक्षर असतं. संदेश तुम्ही लिहा, आणि कोणता ऑप्शन चुकला ते त्यात जरूर सांगा. नुसती "वापर असा करा" ही ओळ पाहून माणसाला आपलं काय चुकलं ते कळत नाही. लांब ऑप्शन अनोळखी असेल तर ऑप्टऑप्ट शून्य असतो, तेव्हा आर्गव्हीमधला ऑप्टइंडच्या आधीचा शब्द छापा.

चुकीबद्दलचा संदेश स्टँडर्ड एररवर छापा आणि एक्झिट कोड २ द्या. ग्रेपही तेच करतं, तिथे १ म्हणजे "सापडलं नाही" आणि २ म्हणजे "चूक झाली", त्यामुळे स्क्रिप्टला फरक कळतो. पण कुणी स्वतःहून "--मदत" मागितली तर ती चूक नव्हे. तेव्हा मजकूर स्टँडर्ड आउटपुटवर आणि कोड ०. नाहीतर मदत लेसमध्ये (मजकूर पानापानाने दाखवणारा प्रोग्राम) पाइप करून वाचू पाहणाऱ्याला लेस रिकामा दिसतो आणि मजकूर भलतीकडेच येतो.